पाचवा अंक आपला

कोल्हापूर जिल्ह्यात एकाच शिवारातला ऊस दोन वाटांनी जातो. एक वाट साखर कारखान्याच्या गव्हाणीची. तिथे रस काढून शुद्ध करतात, निर्वात भांड्यांत आटवतात आणि सेंट्रिफ्यूगल यंत्रांत मळी वेगळी झाली की दाणेदार साखर हाती येते. दुसरी वाट गुऱ्हाळाची. तिथे चरकातला रस काहिलीत पडतो, चुलवाणात चिपाडांचा जाळ असतो, रसातला मळ वर आणायला भेंडीचा चीक वापरतात आणि पाक नेमका कधी उतरवायचा हे गुळव्या नजरेने ठरवतो. भांडवल वेगळे, कामगार वेगळे, बाजार वेगळा. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक वर्गीकरणात या दोन्ही कामांना एकच संकेतांक आहे: १०७२, साखर उत्पादन. भारताच्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाच्या २००८ च्या आवृत्तीत मात्र या चार अंकांपुढे आणखी एक अंक येतो. उसापासून साखर १०७२१, उसापासून गूळ १०७२२, खांडसरी १०७२३. पहिले चार अंक जगाकडून घेतलेले, पाचवा भारताने घातलेला. आंतरराष्ट्रीय चौकट स्वीकारावी की नाही, हा वाद केव्हाच निकालात निघाला आहे. त्या चौकटीत देशाच्या वाट्याला जी जागा येते तिच्यात तो काय भरतो आणि ते किती नेटाने सांभाळतो, यावर त्याच्या आकडेवारीची किंमत ठरते, असे माझे म्हणणे आहे. भारताने ही जागा अनेक ठिकाणी विचारपूर्वक भरली. ती सांभाळण्यात मात्र आपण कमी पडलो.

आधी चौकट पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर देशोदेशीच्या उत्पन्नाचे हिशेब एकमेकांशी ताडून पाहण्याची गरज निर्माण झाली आणि १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय प्रमाणित औद्योगिक वर्गीकरणाची पहिली आवृत्ती स्वीकारली. सांख्यिकीवाले त्याला ‘आयसिक’ म्हणतात. त्यानंतर १९५८, १९६८, १९९०, २००२ आणि २००८ मध्ये सुधारित आवृत्त्या निघाल्या. त्यांतली २००२ ची तिसऱ्या सुधारणेतच थोडे बदल करून आलेली, म्हणून २००८ ची चौथी सुधारणा ठरते. पाचव्या सुधारणेला संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२३ मध्ये संमती दिली. भारताची वाटचाल याला समांतर आहे. १९६२ चे प्रमाणित वर्गीकरण, मग १९७०, १९८७, १९९८, २००४ आणि २००८ ची राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणे. २००८ च्या आवृत्तीत खंड २१, विभाग ८८ आणि गट २३८ आहेत, म्हणजे वरच्या तीन पायऱ्या आयसिकच्या चौथ्या सुधारणेशी तंतोतंत जुळतात. तळाशी मात्र १३०४ उपवर्ग आहेत आणि ते भारताचे आहेत. हे झाले उद्योगांचे, म्हणजे कामाचे वर्गीकरण. वस्तू आणि सेवांसाठी वेगळी यादी असते. संयुक्त राष्ट्रांच्या केंद्रीय उत्पादन वर्गीकरणाचे पाच अंक घेऊन त्यापुढे दोन भारतीय अंक जोडलेली सात अंकी यादी कारखान्यांच्या वार्षिक पाहणीत २०१०-११ पासून वापरात आहे. आयात-निर्यातीचा हिशेब जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या सहा अंकी पद्धतीने होतो आणि भारत त्यावर दोन अंक चढवून तो आठ अंकी करतो. त्या आठ अंकी यादीत सुती कापडाच्या प्रकरणात धोतर आणि साडी यांना स्वतंत्र ओळी आहेत. दुकानदार जीएसटीच्या बिलावर जो एचएसएन कोड छापतो, तो याच घराण्यातला.

यावर पहिला आक्षेप असा की एवढा खटाटोप कशाला? आयसिक जसेच्या तसे वापरावे. तुलना सोपी होईल आणि खर्चही वाचेल. हा आक्षेप तुलना कशी होते ते विसरतो. तुलना बेरजेतून होते. गुळाचे आणि साखरेचे आकडे वेगवेगळे असतील, तर त्यांची बेरीज करून १०७२ चा आकडा कोणालाही केव्हाही देता येतो. पण गोळा करतानाच सगळे १०७२ मध्ये टाकले, तर नंतर कोणत्याही गणिताने त्यातून गूळ वेगळा काढता येत नाही. म्हणून राष्ट्रीय वर्गीकरणाची अट एवढीच असते की तळाच्या उपवर्गांनी वरच्या वर्गाची हद्द ओलांडू नये. ती पाळली की देशाला जेवढे खोल जायचे तेवढे जाता येते. इतर देशही हेच करतात. युरोपीय संघाचे ‘नेस’ हे वर्गीकरण विभागांच्या पातळीवर आयसिकशी जुळते, पण खाली युरोपच्या गरजेने अधिक बारीक होते. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांनी १९९७ मध्ये जे सामाईक वर्गीकरण आणले, त्यात पाच अंकांपर्यंत तिघांची रचना बहुतांशी एक आहे आणि सहावा अंक ज्याचा त्याचा. शिवाय जागतिक चौकटही काही कायमची थिजलेली नसते. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या २०१२ च्या आवृत्तीत सेंट्रिफ्यूगल यंत्राविना केलेल्या उसाच्या साखरेला, म्हणजे आपला गूळ आणि लॅटिन अमेरिकेतला पनेला यांना, स्वतंत्र सहा अंकी उपशीर्षक मिळाले. एखादी वस्तू देशोदेशीच्या याद्यांत आधी मोजलेली असेल, तर तिच्यासाठी जागतिक यादीत जागा मागणे किती सोपे होते!

स्वतःचा अंक नसेल तर काय हरवते, हे तंबाखूच्या उदाहरणात सर्वांत ठळक दिसते. आयसिकमध्ये तंबाखूच्या सगळ्या मालाला एकच वर्ग आहे, १२००. भारताने त्याचे तुकडे केले आणि त्यात विडी १२००२, सिगारेट १२००३. सिगारेटचा कारखाना यंत्रांवर चालतो. कामगार थोडे, दर कामगारामागे उत्पादन मोठे. विडीचे काम सोलापूर किंवा सिन्नरच्या घराघरांत चालते. कंत्राटदाराकडून तेंदूची पाने आणि तंबाखू आणायची, पाने कातरायची, विड्या वळायच्या, धागा बांधायचा आणि कट्टे मोजून द्यायचे. हे बहुतांश काम बायका करतात आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. या दोन जगांची सरासरी काढली तर दर कामगारामागचे जे उत्पादन हाती येईल, ते सिगारेट कारखान्यातल्या कामगाराचेही नसेल आणि विडी वळणाऱ्या बाईचेही नसेल. विडी कामगारांसाठी १९७६ मध्ये संसदेने कल्याण निधीचा स्वतंत्र कायदा केला. ज्यांच्यासाठी कायदा वेगळा आहे त्यांची मोजणीही वेगळी असायला हवी, यात कोणाचे दुमत होण्याचे कारण नाही.

सगळेच प्रश्न पाचव्या अंकाने सुटतात असे मात्र नाही आणि इथे हातमागाचे प्रकरण नीट पाहण्यासारखे आहे. १९७० आणि १९८७ च्या भारतीय वर्गीकरणांत सुती कापडाच्या विभागात खादी, हातमाग, यंत्रमाग आणि गिरणी यांना तीन अंकी पातळीवरच वेगवेगळे गट होते. आयसिकचे तत्त्व याच्या उलट आहे. त्यात माल काय तयार होतो आणि कोणत्या प्रक्रियेने, एवढेच पाहिले जाते. काम हाताने होते की विजेच्या यंत्राने, कारखान्यात होते की घरी, मालक कोण, या गोष्टी वर्ग ठरवताना बाजूला ठेवतात. १९९८ पासून भारताने चार अंकांपर्यंत आयसिकची रचना स्वीकारली, तेव्हा हातमाग आणि यंत्रमाग यांना वेगळे ठेवणारे ते गट गेले. महाराष्ट्राच्या दृष्टीने हे नुकसान लहान नाही. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि पुढच्या वर्षांत कापडाचे काम गिरण्यांतून भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांकडे सरकत गेले. ‘कापड विणणे’ एवढ्या एकाच वर्गात पाहिले तर उत्पादनाच्या आकड्यात या घडामोडीचा फारसा मागमूस लागणार नाही, कारण कापड विणले जातच होते. बदलले होते ते काम करणाऱ्याचे जगणे: कायम नोकरी, भविष्य निर्वाह निधी आणि युनियन असलेल्या गिरणीऐवजी दुसऱ्याच्या मागावर बारा-बारा तासांची पाळी.

तरीही जुने गट होते तसे परत आणावेत, असे मी म्हणणार नाही. आयसिकच्या तत्त्वामागे कारण आहे. प्रत्येक उद्योगाला हाताचे-यंत्राचे, घरचे-कारखान्याचे, सहकारी-खासगी असे फाटे फोडत गेलो, तर वर्गीकरणाची लांबी वाढते आणि त्याचा अर्थ मात्र पातळ होतो. या भेदांसाठी पाहणीच्या तक्त्यात वेगळे रकाने हवेत: शक्तीचा प्रकार, कामाची जागा, मालकीचे स्वरूप. असे रकाने प्रत्येक पाहणीत सक्तीचे केले आणि निष्कर्ष छापताना त्यांच्यासह छापले, तर येवल्याची हातमागावरची पैठणी आणि इचलकरंजीचे यंत्रमागाचे कापड एकाच वर्गात राहूनही वेगळे दिसू शकते. गोव्याच्या काजू फेणीचे तसेच. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, पण औद्योगिक वर्गीकरणात तिचा वेगळा उपवर्ग नाही. माझ्या मते तो हवाच असेही नाही, कारण ऊर्ध्वपातन हीच प्रक्रिया आहे आणि उद्योगाच्या वर्गीकरणात प्रक्रियेला महत्त्व असते. फेणीची जागा उत्पादनांच्या यादीत आहे आणि तिथल्या दोन भारतीय अंकांत ती सहज मावते. कोणता भेद उद्योगाच्या यादीत, कोणता उत्पादनाच्या यादीत आणि कोणता रकान्यात न्यायचा, हे ठरवण्यातच राष्ट्रीय सांख्यिकीचे खरे कसब आहे.

उत्पादनांची यादी वेगळी का लागते, हे आजच्या सहकारी साखर कारखान्याकडे पाहिले की पटते. तो साखर करतो, चिपाड जाळून वीज करतो आणि तीच वीज ग्रिडला विकतो, आसवनीत इथेनॉल करतो. आयसिकच्या नियमानुसार ज्या कामातून सर्वाधिक मूल्यवर्धन होते ते मुख्य काम आणि सगळ्या कारखान्याला त्याचाच संकेतांक. म्हणून वीज आणि इथेनॉलसकट सगळे १०७२१ मध्ये. इथेनॉलची किंमत वाढली, साखर पडली आणि पारडे फिरले, तर नियमाप्रमाणे त्याच कारखान्याचा उद्योगच बदलायला हवा. त्या वर्षी साखर उद्योगाचे उत्पादन ‘घटलेले’ आणि दुसऱ्या एखाद्या उद्योगाचे ‘वाढलेले’ दिसेल, जरी आवारात एकही यंत्र नवे आलेले नसले तरी. त्यामुळे एका वर्षाच्या चढ-उतारावर संकेतांक बदलू नये, बदल टिकतो का ते पाहावे, असाही संकेत आहे. पण उत्पादनवार मोजणी नीट असेल तर साखर किती, युनिट किती, लिटर किती हे कारखान्याचा संकेतांक काहीही असला तरी कळते. वार्षिक पाहणीत कारखान्याला आपल्या प्रत्येक उत्पादनाची आणि उपउत्पादनाची सात अंकी नोंद द्यावी लागते, ती याचसाठी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. देशाच्या अंकाची मुभा दिली की प्रत्येक धंद्याला, प्रत्येक तालुक्याला आपला कोड हवासा वाटेल. यादी फुगेल, नमुना पाहणीत एकेका उपवर्गात चार-दोन घटक उरतील, आकडे विश्वासार्ह राहणार नाहीत आणि थोड्याच कंपन्या असलेल्या वर्गात एखाद्या कंपनीची गुप्त माहिती उघड होईल. ही भीती खरी आहे आणि तिच्यासाठी उंबरठा लागतो: त्या कामात पुरेसे उत्पादन किंवा पुरेसे हात गुंतलेले असावेत, ते शेजारच्या कामापासून प्रक्रियेने वेगळे असावे, ते टिकणारे असावे आणि त्याचा आकडा कोणीतरी धोरणासाठी वापरणारा असावा. डाळ भरडण्याला, म्हणजे लातूर-अकोल्याच्या डाळ मिलच्या कामाला, १०६१३ हा स्वतंत्र उपवर्ग मिळाला आहे आणि या चारही कसोट्यांवर तो उतरतो. नुसत्या अभिमानापोटी मागितलेला कोड उतरणार नाही. उंबरठा जाहीर असला की नकार देणेही सोपे जाते.

खरी पडझड झाली आहे ती सांभाळण्यात. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला २१ अक्षरांचा ओळख क्रमांक असतो. रिलायन्स इंडस्ट्रीजचा आहे एल १७११० एमएच १९७३ पीएलसी ०१९७८६. एल म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, एमएच म्हणजे महाराष्ट्र, १९७३ हे स्थापनेचे वर्ष. मधले पाच अंक उद्योगाचे. २००४ च्या वर्गीकरणात १७ हा विभाग कापडाचा आणि कंपनीची सुरुवातही कापडातच झाली होती. पुढे ती तेलशुद्धीकरण, पेट्रोरसायने, किरकोळ विक्री, दूरसंचार अशी पसरली. क्रमांकातले अंक जागचे हलले नाहीत. आणखी एक गोष्ट म्हणजे २००८ च्या वर्गीकरणात कापड १३ व्या विभागात गेले आणि १७ हा कागदाचा विभाग झाला. म्हणजे हे पाच अंक नव्या यादीने वाचले तर कागद दिसतो, जुन्या यादीने वाचले तर कापड, आणि कंपनीचा आजचा बहुतेक व्यवसाय दोन्हीत नाही. यात कंपनीचा दोष नाही. ओळख क्रमांक ओळखीसाठी असतो. उद्योगाचा संकेतांक त्यात एकदाच कोरून ठेवणे हीच चूक.

हे कागदोपत्री कुतूहल म्हणून सोडून देता येत नाही, कारण राष्ट्रीय उत्पन्नाच्या २०११-१२ या पायाभूत वर्षाच्या मालिकेत खासगी कंपन्यांचे उत्पन्न काढायला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडच्या नोंदींचा मोठा आधार घेतला गेला. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने २०१६-१७ मध्ये सेवा क्षेत्रातील कंपन्यांची पाहणी करताना याच यादीतून नमुना निवडला आणि २०१९ मध्ये आलेल्या तांत्रिक अहवालातून दिसले की एक तृतीयांशाहून अधिक कंपन्या एकतर सापडल्या नाहीत, बंद होत्या किंवा चुकीच्या वर्गात होत्या. सांख्यिकी मंत्रालयाचे म्हणणे असे की याने एकूण देशांतर्गत उत्पन्नाच्या आकड्यावर परिणाम होत नाही. सेवेत नसलेली कंपनी दुसऱ्या कुठल्या तरी क्षेत्रात असणारच, बेरीज तीच. हा युक्तिवाद अर्धा बरोबर आहे. चालू किमतींच्या बेरजेत फरक पडणार नाही. पण महागाई वजा करून खरी वाढ काढताना प्रत्येक क्षेत्राला त्याचा त्याचा किंमत निर्देशांक लागतो. हॉटेल चालवणारी कंपनी कारखानदारीच्या खात्यात गेली, तर तिच्या उत्पन्नाला चुकीचा निर्देशांक लागतो आणि वाढीचा दर बदलतो. शिवाय कोणत्या क्षेत्राने रोजगार दिला, कोणते क्षेत्र मागे पडले, कोणाला सवलत द्यायची, हे सगळे निर्णय क्षेत्रवार आकड्यांवरच होतात.

आवृत्ती बदलली की जुने-नवे आकडे जुळत नाहीत, म्हणून शक्यतो बदलूच नये, असे अर्थशास्त्राचे अभ्यासक अनेकदा म्हणतात. त्यांची अडचण मी समजू शकतो. मुंबईच्या ईपीडब्ल्यू रिसर्च फाउंडेशनने १९७३-७४ पासूनच्या कारखाना पाहण्यांचे आकडे जुन्या-नव्या वर्गीकरणांची सांगड घालून एका मालिकेत आणले, तेव्हा कुठे अभ्यासकांना दीर्घकाळाचा कल पाहता आला. पण हे काम मुळात सरकारी यंत्रणेचे. नव्या आवृत्तीबरोबर जुळणीचा तक्ता आणि निदान एका वर्षाचे दोन्ही पद्धतींनी केलेले आकडे प्रसिद्ध केले, तर मालिका तुटत नाही. बदल थांबवण्याने मात्र नुकसानच होते. आयसिकच्या चौथ्या आणि पाचव्या सुधारणेत १५ वर्षांचे अंतर पडले आणि त्याच काळात ॲपवरून टॅक्सी, जेवण, कारागीर मागवण्याचा व्यवसाय उभा राहिला. पाचव्या सुधारणेत मध्यस्थ सेवांसाठी वेगळे वर्ग आले आहेत आणि माहिती-संप्रेषणाच्या एका खंडाचे दोन झाल्याने खंड २२ झाले आहेत. भारताच्या यापुढच्या वर्गीकरणाला हाच आधार आहे. पण ॲप चालवणारी कंपनी मध्यस्थ ठरली, तरी पुण्याच्या रस्त्यावर दुचाकीवरून डबे पोचवणारा तरुण कोणत्या वर्गात? कंपनी त्याला नोकर मानत नाही, म्हणून तो स्वतःच एक लहानसा उद्योग ठरतो. तो कुरियरमध्ये मोजायचा की आणखी कुठे, आणि त्याला वेगळा उपवर्ग द्यायचा का, हे आपणच ठरवायचे आहे, कारण अशा कामगारांची संख्या आणि त्यांचे प्रश्न इथले आहेत.

आणि ठरवलेला अंक शेवटी मैदानावर वापरला गेला पाहिजे. २०१३-१४ च्या सहाव्या आर्थिक गणनेत कामाची नोंद तीनच अंकांत झाली. तीन अंकांत गूळ, साखर, पाव आणि पापड हे सगळे १०७ मध्ये, ‘इतर खाद्यपदार्थ’ म्हणून. देशभर घरोघर जाऊन केलेल्या एवढ्या मोठ्या मोजणीतून कोल्हापूरची गुऱ्हाळे किती, हे सांगता येत नाही, कारण जो पाचवा अंक आपण हौसेने घडवला तो प्रगणकाच्या हाती दिलाच नाही. गणनेच्या खर्चाची अडचण खरी असली, तरी निदान ज्या जिल्ह्यात जो उद्योग ठळक आहे तिथे तो पाच अंकांत नोंदवणे राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या आवाक्यातले आहे. प्रगणकासाठी कामांच्या स्थानिक नावांची मराठी सूची करणेही तसेच: गुऱ्हाळ, डाळ मिल, विडी वळणे, सायझिंग, मिरची कांडप यांपुढे थेट पाच अंक छापलेले असावेत. आयसिकचे इंग्रजी वर्णन वाचून अंदाजाने कोड टाकण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये.

वाचकांपैकी अनेकांनी उद्यम नोंदणी केली असेल. त्या प्रमाणपत्रावर तुमच्या कामाचा पाच अंकी एनआयसी कोड, म्हणजे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाचा संकेतांक, छापलेला असतो आणि पुष्कळदा तो अर्ज भरून देणाऱ्याने घाईत निवडलेला असतो. तो एकदा स्वतः वाचून पाहा. एकाहून अधिक कामे असतील तर एकाहून अधिक कोड देता येतात, चुकला असेल तर तो संकेतस्थळावर दुरुस्त करता येतो आणि त्याला शुल्क लागत नाही.